बदकडोक्या आणि मोठी बैठक

खांबामागे बसणाऱ्याचं दुःख खांबासमोर बसणाऱ्याला कळत नाही. पेन्त्रेग्लासच्या हर्मोन चॅपलमध्ये सज्ज्याला आधार म्हणून एक लोखंडी खांब उभा आहे. फार जाड नाही, पण एका पाद्र्याला झाकायला पुरेसा. त्याच्या बरोबर मागचं बाक डेव्हिस घराण्याचं. इदवल डेव्हिसच्या पणजोबांनी ते धरलं तेव्हा एकतर खांब नसावा, किंवा पणजोबांना प्रवचनाची आवड नसावी. इदवलला मात्र ती होती, आणि गेली चाळीस वर्षं त्या बाकावरून त्याने मिस्टर पॅरींचा एक हात, अर्धी दाढी आणि चष्म्याची एक काच एवढंच पाहिलं होतं.

कुणी म्हणेल, मग दुसऱ्या बाकावर बसावं. असं म्हणणारा माणूस चॅपलमध्ये वाढलेला नाही हे उघड आहे. समोरचं बाक रॉबर्ट्स मंडळींचं. त्यांच्यातल्या शेवटच्या बाई देवाघरी जाऊन अकरा वर्षं झाली, तरी बाक त्यांचंच. तिथे जाऊन बसायचं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात शिरून त्याच्या पलंगावर आडवं होण्यासारखं.

बरं, मिस्टर पॅरी काही साधे पाद्री नव्हते. त्यांच्या प्रवचनाचा पूर्वरंग अगदी घरगुती असायचा: मेंढरू हरवलं, दिवा लावला, बाईने घर झाडलं. ऐकणाऱ्याला वाटावं, हे तर आपल्याच अंगणातलं चाललंय. मग कुठेतरी आवाज अर्धी पायरी वर सरकायचा. शब्द लांबायचे, एकमेकांचा हात धरायचे, आणि बघता बघता बोलणं संपून गाणं सुरू झालेलं असायचं. ना पेटी ना टाळ, नुसता त्या म्हाताऱ्याचा गळा, आणि अख्ख्या चॅपलचा श्वास त्याच्यामागून वर वर चाललेला. आमच्याकडे याला 'हुईल' म्हणतात. हुईल म्हणजे खरं तर होडीचं शीड. मौजमजेलाही हुईलच म्हणतात, आणि निरोप घेतानाही 'हुईल' म्हणूनच वळायचं. एकाच शब्दावर इतकी कामं का टाकली असं परक्याला वाटेल, पण ज्याने शिडात वारं भरताना ऐकलंय त्याला वाटत नाही.

आणि दैव असं, की हुईल चढली की मिस्टर पॅरी दोन पावलं डावीकडे सरकायचे. म्हणजे बरोबर खांबामागे. ज्या क्षणासाठी इदवल आठवडाभर जगायचा, त्या क्षणी त्याच्यासमोर लोखंड असायचं.

त्यात नाताळात मिस्टर पॅरी निवृत्त होणार असल्याचं जाहीर झालं. अख्खे मिस्टर पॅरी बघायला एकच कायदेशीर जागा उरली होती: मोठी बैठक. पुलपिटाच्या, म्हणजे प्रवचनाच्या उंच चौथऱ्याच्या पायाशी, कठड्याच्या आत, जिथे चॅपलचे चार डीकन, म्हणजे निवडून दिलेले कारभारी बसतात ती. डोकं वर केलं की वक्ता थेट समोर, मध्ये खांब नाही, टोपी नाही, काही नाही. चारातली एक जागा नुकतीच रिकामी झाली होती. मुख्य डीकन ट्रेफोर गॅरेज. हे त्याचं आडनाव नव्हे. त्याचंही आडनाव डेव्हिसच. गावात डेव्हिस अकरा, तेव्हा माणूस ओळखायचा तो धंद्यावरून नाहीतर फजितीवरून.

या फजितीच्या नावाचीच इदवलला धास्ती. तो स्वतः काउन्टीच्या कचेरीत रस्त्यांच्या पाट्या तपासायचा म्हणून 'इदवल पाटी', आणि यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण त्याचे वडील स्वतःच्या लग्नाला चाळीस मिनिटं उशिरा पोचले होते, एका अडलेल्या गाईपायी, आणि पुढे साठ वर्षं ते 'ह्यू उशिरा' होते. त्यानंतर ते एकदाही कुठे उशिरा गेले नाहीत. शेवटी त्यांच्या अंत्ययात्रेची गाडी चिखलात रुतली आणि वीस मिनिटं उशिरा आली, तेव्हा स्मशानाच्या फाटकाशी लोक एकमेकांकडे बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर हसू आलं असतं. फजितीचं नाव पडलेला माणूस मोठ्या बैठकीत निवडून आल्याचं हर्मोनच्या इतिहासात एकही उदाहरण नाही.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण सप्टेंबरातल्या एका रविवारी, रविवारच्या शाळेत, शिष्यांनी जाळं टाकल्याची गोष्ट चालू असताना सिलिन नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाने विचारलं, की या चॅपलमध्ये कुणी कधी खराखुरा मासा पकडलाय का. सिलिन हा पुरावे मागणारा मुलगा आहे. ट्रेफोर दारात उभा होता. इदवल म्हणाला, "मी पकडलाय. डी नदीत. पाईक. शिवाय चब."

खरं तर पाईक त्याच्या चुलत भावाने पकडला होता, चाळीस वर्षांपूर्वी. इदवलने जाळी धरली होती. पण जाळी न धरता पाईक येतो का, असा विचार करून त्याने मनाला समजावलं.

ट्रेफोर म्हणाला, मग या वर्षी मुलांची सहल मासेमारीची काढू या, इदवल नेईल. आणि जाता जाता, जणू सहजच, त्याने एवढंही जोडलं की रिकाम्या जागेसाठी पोरांना सांभाळू शकणारा माणूस मिळाला तर बरं.

झालं. दिवस ठरला ऑक्टोबरातला शनिवार, कारण सोमवारी सुगीच्या आभारप्रार्थनेचा मोठा दिवस होता आणि तोवर सगळं सुखरूप आटोपायला हवं होतं.

पहिला सल्लागार शेजारचा गेथिन. त्याला गावात 'गेथिन एकदा' म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक बोलणं 'एकदा मी' असं सुरू होतं. एकदा त्याने चबला चीजवर पकडलं होतं. चब म्हणजे जाडा, भित्रा आणि खादाड मासा, पण नाक तिखट; तेव्हा चीज जितकं वासाचं तितकं बरं, चार दिवस मुरवलेलं तर उत्तम, कणकेसारखं मळून डब्यात भरायचं. पाईकसाठी मेलेला हेरिंग मासा. आणि मुख्य म्हणजे, गेथिनने इदवलच्या कोटाचं बटण धरून सांगितलं, गळ फेकण्याआधी मागे बघायचं. एकदा त्याने बघितलं नव्हतं. पुढचं त्याने सांगितलं नाही. नुसता कानाच्या पाळीला हात लावला.

चार दिवस फ्रिजमध्ये चीज मुरत होतं. चौथ्या दिवशी इदवलची बायको मेरेरिड, जिने छत्तीस वर्षं परिचारिका म्हणून काय काय हुंगलं असेल देव जाणे, दार उघडून एवढंच म्हणाली, "इदवल, यातलं कुणीतरी गेलंय."

दुसरी पायरी परवान्याची. नदीचे परवाने लोकरीच्या दुकानात मिळतात, कारण मत्स्यमंडळाच्या सचिव मिस एलुनेद यांचं ते दुकान. मिस एलुनेद गावातल्या दुसऱ्या, बॅप्टिस्ट चॅपलच्या. त्या चॅपलमध्ये प्रवचन सपाट आवाजात होतं आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. त्यांनी चष्मा लावून नियमावली काढली. मुलं किती? सात. मग दोन मुलांमागे परवानाधारक एक प्रौढ, म्हणजे साडेतीन प्रौढ. मंडळ अर्धा प्रौढ मान्य करत नाही, तेव्हा चार. इदवल म्हणाला की त्यातली चार वरच्या शेतावरची भावंडं आहेत, ती एकत्रच असतात, त्यांना एक धरता येईल. मिस एलुनेद म्हणाल्या, "नदी त्यांना एक धरणार नाही, मिस्टर डेव्हिस."

मग अर्जात कोणता मासा धरणार ते दोन्ही भाषांत, इंग्रजीत आणि आमच्या भाषेत, लिहायचं होतं. पाईकचं सोपं. त्याला आमच्या भाषेत बदकडोक्या म्हणतात, चपट्या लांब तोंडावरून. चबचं आमच्या भाषेतलं नाव मात्र इदवलला आठवेना. त्याने शाळामास्तरांना फोन केला. मास्तरांनी एक शब्द सांगितला, शब्दकोशाने दुसरा, आणि मिस एलुनेद यांच्या आईचा तिसराच होता. ज्या माणसाने हयात पाट्यांवरचे शब्द तपासण्यात घालवली त्याला हे लागलं. पाऊण तासाने त्या रकान्यात 'जाडा मासा' असं लिहिलं गेलं आणि इदवलने जड हाताने सही केली. सहीखाली बारीक अक्षरांत नियम होते. नववा नियम: नदीकाठी गाणी, वाद्ये व रेडिओ यांस मनाई. इदवलने तो वाचला आणि यात आपल्याला धोका नाही म्हणून पुढे गेला.

प्रौढ चार हवेत. इदवल एक, मेरेरिड दोन. तिसरे म्हणून मिस्टर पॅरी स्वतःच तयार झाले, सोमवारचं प्रवचन काही केल्या सुचत नाहीये, हवा बदलली तर बरं म्हणाले. चौथा ट्रेफोर. म्हणजे ज्याच्या नजरेत भरायचं तोच परवानाधारक क्रमांक चार म्हणून दिवसभर बरोबर. रात्री इदवलने गुडघे टेकले तेव्हा त्याने मासा मागितला नाही. मोजून सात मुलं कोरडी परत यावीत आणि काही घडू नये, एवढंच मागितलं.

शनिवारी सकाळी पुलाखालच्या कुरणात सगळे जमले. पाणी संथ, काठाला आल्डरची झाडं, पलीकडे मेंढ्या. इदवलने आल्याआल्या मुलं मोजली. सात. पाच मिनिटांनी पुन्हा मोजली तर आठ भरली. मुलं कमी होण्याची भीती त्याने धरली होती, वाढण्याची नव्हती. तिसऱ्यांदा मोजल्यावर कळलं की मिस्टर पॅरी मुलांच्या रांगेत गवतावर मांडी घालून बसले होते आणि उंचीने तसे ते लहानच.

पाच वर्षांची नान्सी भलीमोठी पिशवी छातीशी धरून आली होती. आत पावाचे तुकडे. तिला सांगण्यात आलं होतं की आज बदकडोक्या बघायचाय, आणि बदकाला काय लागतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. सिलिनने तिला समजावलं, की हा मासा आहे, याला सातशे दात असतात. ती म्हणाली, मग तर जास्त पाव लागेल.

आता इदवलचा एक नियम. सहल रविवारच्या शाळेची, तेव्हा प्रत्येकाने आधी पवित्र शास्त्रातलं एक वचन म्हणायचं, मगच गळाला हात लावायचा. दर रविवारी मोठ्या बैठकीसमोर मुलं वचन म्हणतात तसंच. सिलिनने सहा ओळींचं म्हटलं, संदर्भासह. वरच्या शेतावरच्या चौघांनी एकच वचन चार तुकड्यांत वाटून घेतलं. राहिली नऊ वर्षांची माब्ली. माब्लीने तीन वर्षांत दर रविवारी एकच वचन म्हटलं होतं, कारण ते शास्त्रातल्या सगळ्यांत छोट्यांपैकी एक आहे: लोटच्या बायकोची आठवण ठेवा. देवाने मनाई केली असताना मागे वळून बघितलं आणि मिठाचा खांब झाली, ती. ट्रेफोरने तिला दहादा सांगितलं होतं की दुसरं पाठ कर. ती दहादा हो म्हणाली होती.

इदवल काठाशी उभा राहिला. गळ कसा फेकायचा ते आधी दाखवायला हवं. त्याने काठी खांद्यावर घेतली, गेथिनचे शब्द आठवले, आणि तो मागे बघण्यासाठी मान वळवणार, इतक्यात माब्लीने स्पष्ट, खणखणीत आवाजात वचन म्हटलं.

"लोटच्या बायकोची आठवण ठेवा."

काय सांगावं, श्रद्धाळू माणसाची मान आहे ती. जागच्या जागी थांबली. देववचन कानात असताना मागे कसं बघणार? इदवलने समोर बघितलं आणि काठी जोरात पुढे झोकली.

दोरी अर्ध्यात थबकली. मागे काहीतरी जड लागलं होतं. मग मागून ट्रेफोरचा आवाज आला, अतिशय शांत.

"इदवल. आता ओढू नकोस. मी आहे."

ट्रेफोर पाठमोरा वाकून हेरिंगचा डबा उघडत होता. गळ शिरला होता तो त्याच्या विजारीत, आणि विजारीपलीकडेही, माणूस ज्या भागावर बसतो त्या भागात. मुख्य डीकन, मोठ्या बैठकीचा माणूस, आणि जखम नेमकी बैठकीला. इदवलला हे सगळं एका क्षणात दिसलं, आणि त्यापुढचंही: फाटकाशी न हसणारे लोक, आणि नवं नाव. नाव काय पडेल याचाही अंदाज आला, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मेरेरिडने सूत्रं हातात घेतली. मोठी छत्री आडवी उघडली, ट्रेफोरला तिच्यामागे पालथं घातलं आणि गॅरेजच्या गाडीतून पक्कड मागवली. मुलांना नदीकडे तोंड करून बसवण्यात आलं. एरवी अशा वेळी स्तोत्र म्हणायला लावलं असतं, पण नववा नियम आड आला, म्हणून दहा आज्ञा म्हणायला सांगितल्या. सातव्या आज्ञेला छत्रीमागून एक दीर्घ हुंकार आला. आठवीला मेरेरिड बाहेर आली, हातात गळ. "चड्डी वाचली नाही," ती म्हणाली, "बाकी वाचेल. दवाखान्यात जाऊन सुई घे. आणि दोन आठवडे लाकडावर बसायचं नाही, ट्रेफोर." ट्रेफोर म्हणाला, आपण परवानाधारक क्रमांक चार आहोत, आपण गेलो तर एक मूल बेकायदा होईल; सुई संध्याकाळी. तो गवतावर पालथाच राहिला. माणूस मोठाच, यात शंका नाही. इदवलची मात्र त्याच्याकडे बघायची छाती होईना.

मासेमारी गुंडाळावी, असं त्याच्या मनात आलं. पण सात चेहरे त्याच्याकडे बघत होते. त्याने आमिषाचा डबा उघडला. आत छान, ताजं, पिवळं चीज होतं, टोमॅटोसकट. त्याच क्षणी मिस्टर पॅरी सँडविच संपवून बोटं पुसत म्हणाले, "मेरेरिड, हे चीज कुठलं? फार दिवसांनी असं चवीचं काही खाल्लं." मेरेरिडने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा पाद्र्याकडे, आणि पुढे दिवसभर ती त्यांच्या चेहऱ्यावर व्यावसायिक लक्ष ठेवून होती. सांगायला आनंद वाटतो की त्यांना काहीही झालं नाही.

चार दिवस मुरवलेलं आमिष असं एका देवमाणसाच्या पोटात गेलं. हेरिंगचा डबा ट्रेफोरबरोबर आडवा झालेला, हेरिंग मांजरासारख्या चपळाईने एका बगळ्याने नेलेले. काठ्या होत्या, गळ होते, लावायला वासाचं काही नव्हतं.

नान्सी मात्र सकाळपासून पाण्याच्या कडेला मेरेरिडचं बोट धरून तुकडा तुकडा पाव फेकत होती. एकही बदक आलं नव्हतं. पण सिलिन हळूच म्हणाला, "इदवलकाका, ते काय?" आल्डरच्या फांदीखाली, जिथे पाव वाहत जाऊन अडकत होता, तिथे मोठे राखी ओठ वर येत होते आणि तुकडे बिनबोभाट नाहीसे होत होते. जाडे मासे. सहा, सात, दहा. गेथिन एकदा, तुझं चीज तुलाच लखलाभ. चबला पाव चालत होता.

इदवलने माब्लीच्या गळाला पावाची कड लावली. या वेळी त्याने मागे बघितलं, दोनदा. पाव तरंगत फांदीखाली गेला, ओठ आले, दोरी ताठ झाली. वीतभर चब पाण्यात उड्या मारू लागला आणि माब्ली काठावर. तो पाच हातांवर आला असेल नसेल, एवढ्यात खालून एक हिरवट लाकूड वर आलं, त्या लाकडाला तोंड फुटलं, आणि चब आडवा त्या तोंडात गेला.

बदकडोक्या. इदवलच्या चुलत भावाने धरला होता त्याच्या दुप्पट.

माब्लीच्या हातातली काठी कमानीसारखी वाकली. इदवलने मागून तिच्या कोटाचा पट्टा धरला. काठी हातात घ्यायचा मोह त्याने आवरला. मासा तिचा होता. तो नुसता सांगू लागला. आधी साध्या आवाजात: धर, घाई नको, तो चबला सोडणार नाही, हावरट असतो. पाईक खोल पाण्याकडे वळला. इदवलचा आवाज थोडा चढला. ओढतोय, सोड, दोरी दे त्याला. थांबलाय, आता ये मागे. पाईक पुन्हा सुटला, आवाज आणखी चढला, शब्द लांबले, आणि चाळीस वर्षं खांबामागे बसून कानातून जे आत साठलं होतं ते वाट फुटून बाहेर आलं:

"ओढेल तेव्हा सोड गं माब्ली, थांबेल तेव्हा ओढ. ओढेल तेव्हा सोड."

त्याला स्वतःला पत्ता नव्हता. डोळे पाण्यावर, मूठ पट्ट्यावर, आणि गळा कुठल्या कुठे. वरच्या शेतावरची चौघं त्याच्याबरोबर डोलू लागली. पलीकडच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या. ट्रेफोर कोपरांवर उठला. मिस्टर पॅरी हातात टोपी घेऊन उभे राहिले होते. ओढ आणि सोड, ओढ आणि सोड, असं किती वेळ चाललं कुणी मोजलं नाही. सिलिनने जाळी पाण्यात धरली आणि तो हिरवा लांबलचक प्राणी, चबला अजून सोडायला तयार नसलेला, तिच्यात शिरला तेव्हा इदवलचा शेवटचा सूर पुलाखालच्या कमानीत घुमून परत आला.

मग पुलावरून दुसरा आवाज आला. "मिस्टर डेव्हिस. नियम नववा."

मिस एलुनेद सायकल धरून उभ्या होत्या. बगलेत मंडळाची नोंदवही. त्या खाली उतरेपर्यंत इदवलला सगळं कळून चुकलं: डीकनला गळ, पाद्र्याला सडकं चीज, आणि वर नदीकाठी गाणं. परवाना जाणार, आणि बैठक तर गेलीच. त्याने पट्टा न सोडता मुलं मोजली. सात. कोरडी. देवाने मागितलेलं दिलं होतं. जास्त मागायला हवं होतं, एवढंच.

"ते गाणं नव्हतं, मिस एलुनेद," मिस्टर पॅरी म्हणाले.

"सूर होता."

"होता. पण ते प्रवचन होतं. हुईल होती. हुईल म्हणजे बोलणं की गाणं, यावर आपल्या दोन चॅपलांचा शंभर वर्षं वाद आहे. तुमचं म्हणणं काय आहे?"

मिस एलुनेद अडचणीत आल्या. बॅप्टिस्टांचं पिढ्यान् पिढ्यांचं मत असं, की हुईल हे गाणं नव्हेच, ती बोलण्याची वाईट सवय आहे. गाणं म्हणावं तर हर्मोनवाल्यांचा मान वाढतो. त्यांनी बगलेतली वही हातात घेतली. मग म्हणाल्या, नियमांत प्रवचनाला मनाई नाही. पण घडलं ते नोंदवावं लागेल, आणि त्यांनी वही उघडून इदवलच्या नावापुढे शेरा लिहिला.

जाळीत बदकडोक्याने एकदाचं तोंड उघडलं. चब सुटला, पाठीवर चार दात उमटलेले, आणि लाजल्यासारखा फांदीखाली गेला. नान्सीने वाकून पाईकचं थोबाड नीट बघितलं. "बदकच आहे," ती म्हणाली, आणि उरलेला पाव त्याच्यासमोर टाकला. सिलिनने जाळी खाली केली. एक शेपटी हलली, पाणी पुन्हा जसंच्या तसं.

रविवारी इदवल आपल्या खांबामागे बसला आणि कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. मंडळाची वही लोकरीच्या दुकानात गल्ल्याशेजारी उघडी असते, आणि सोमवारपर्यंत सगळ्या गावाला लोकर लागली होती.

सोमवारी आभारप्रार्थनेला चॅपल भरलं. खिडक्यांत भोपळे, कांदे, गव्हाच्या जुडीच्या आकाराचा मोठा पाव. इदवल पायरीवर पोचला तर दारातच ट्रेफोर उभा. त्याने इदवलला बाजूला घेतलं. कुणीतरी बघत असेल म्हणून तो अगदी कमी ओठ हलवून बोलला.

"मला बसता येत नाही. का ते तुला माहीत आहे."

इदवल म्हणाला, माहीत आहे.

"आजच्या दिवशी मोठ्या बैठकीत दोन जागा रिकाम्या? लोक काय म्हणतील? जा, माझ्या जागेवर बस. तू केलंयस, तूच निस्तर." मग नदीकडे बघावं तसं बघत तो म्हणाला, "पोरीच्या कोटाचा पट्टा शेवटपर्यंत सोडला नाहीस. बघितलंय मी. पालथा होतो, आंधळा नव्हतो."

तर अशा रीतीने इदवल डेव्हिस कठड्याच्या आत गेला. बाक कठीण होतं आणि पाठ सरळ ठेवावी लागत होती, आणि त्याला वाटलं की इतकं सुखाचं आसन जगात नसेल.

मुलांच्या वचनांची वेळ झाली. एकेक जण समोर येऊन म्हणून गेलं. माब्ली आली. ट्रेफोरने बहुधा अकराव्यांदा सांगितलं असावं. तिने हात मागे बांधले, चॅपलच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं, जिथे मुख्य डीकन दाराशी एकटा, ताठ, हलता न येणारा असा उभा होता, आणि म्हणाली:

"लोटच्या बायकोची आठवण ठेवा."

सगळं चॅपल मागे वळलं. उरलेले दोन डीकनसुद्धा. सज्ज्यावरचे लोक कठड्यावरून वाकले. ट्रेफोर मिठाच्या खांबासारखा उभा, आणि त्या खांबाच्या ओठांच्या कोपऱ्यात, मिशीखाली, काहीतरी फुटलं. तो हसला. मग अख्खं हर्मोन हसलं, आभारप्रार्थनेच्या दिवशी, भोपळ्यांसमोर.

एकटा इदवल मागे वळला नाही. त्याची मान वर होती. पुलपिटाच्या कठड्यावर मिस्टर पॅरींचे हात येऊन टेकले होते. दोन हात. पूर्ण दाढी. चष्म्याच्या दोन्ही काचा.

प्रवचनाचा पूर्वरंग नदीकाठचा होता. एक छोटी मुलगी, एक वाकलेली काठी, मागून पट्टा धरलेला एक हात जो तिला दिसत नाही. मग आवाज अर्धी पायरी वर सरकला. देव आपल्याला कसा धरतो, मिस्टर पॅरी म्हणाले, आणि दोन पावलं डावीकडे झाले, आणि इदवलने फक्त मान डावीकडे वळवली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जणू त्यांत काठी होती.

"ओढेल तेव्हा सोडतो रे, थांबेल तेव्हा ओढतो..."

शीड भरलं. इदवलने ते पुरं बघितलं, पहिल्या वाऱ्यापासून बंदरापर्यंत. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मधला थोडा भाग अस्पष्ट दिसला, पण तो खांबाचा दोष नव्हता.

ट्रेफोरचे दोन आठवडे ताणून तीन झाले. तोवर रिकाम्या जागेसाठी मतं घ्यायची आठवण कुणालाच राहिली नाही. ट्रेफोर परत येऊन बसला, आणि इदवल त्याच्या शेजारी सरकला, बस एवढंच.

त्या सोमवारी बाहेर पडताना माब्ली पायरीवर भेटली. मागे मिस एलुनेद यांच्या दुकानातून आलेल्या बायका उभ्या होत्या, आणि वहीत शेरा काय होता हे एव्हाना इदवललाही कळलं होतं: एकच शब्द, नावाला चिकटून.

"हुईल, इदवलकाका," माब्ली म्हणाली आणि उड्या मारत गेली.

निरोप घेतला, की नाव घेतलं? त्याने मेरेरिडला विचारलं. ती म्हणाली, घरी चल, चहा गार होतोय. वाटेत गेथिन फाटकाशी उभा होता. त्याने टोपी काढली.

"इदवल हुईल," तो म्हणाला. "एकदा मी पण नदीवर..."

इदवल थांबला आणि त्याने ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.